भाईंदरची खार आणि आपले क्षारपड रान



लागणीच्या नोंदी घेत शिवारात फिरताना हल्ली एक प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. "साहेब, मळीचं रान पांढरं पडलंय. ऊस गुडघ्याच्या वर येईना. विकून टाकू का?" (इथे मळी म्हणजे कारखान्याची मळी नव्हे, नदीकाठची. नवीन पिढीसाठी सांगून ठेवलेले बरे.) यंदाच्या उन्हाळ्यात आपल्याच एका वयस्कर सभासदांनी हा प्रश्न विचारला, आणि तो आमच्या मनाला लागून राहिला. त्यांना सारा गाव तात्या म्हणतो, आम्हीही तात्याच म्हणू. तात्यांचे रान साडेतीन एकर. त्यांच्या वडिलांच्या काळात ह्याच रानाने एकरी साठ टनांचा ऊस दिला. आता खोडव्याला अठरा टनसुद्धा पडेना. तोडणी टोळीचा मुकादम रान पाहून मान फिरवतो. मुलगा मीरा रोडला नोकरीस, बिऱ्हाड तिकडेच. "रान फुकून टाकतो, पोराला खोलीला हातभार लावतो आन आमी दोघं म्हातारा-म्हातारी तिकडंच जाऊन ऱ्हातो," असे तात्यांचे म्हणणे. गिऱ्हाईक तयार होते, भाव मात्र पडेल होता.

आम्ही लगेच काही बोललो नाही. कारण एक गोष्ट तात्यांना ठाऊक नव्हती आणि आम्हाला ठाऊक होती. त्यांचे रान त्या शिवारात सगळ्यांत खाली, थेट ओढ्याला लागून आहे. त्याचा अर्थ काय, ते पुढे येईलच.

वैशाखात आम्हाला भाईंदरला एका लग्नाला जायचे होते. तात्याही मुलाकडे जाणार होते. "तिथं भेटू, दोन दिवस राहू, मग बोलू," असे ठरले. त्या दोन दिवसांत जे पाहिले आणि ऐकले त्यावरून हा लेख लिहीत आहोत. जमीन पडीक म्हणून सोडून द्यायची की ती वसवायची, हा प्रश्न आपल्यालाच पडलेला आहे असे नाही. समुद्राच्या तोंडाशी राहणाऱ्या माणसांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सोडवलेला आहे, आणि आपल्यापेक्षा कितीतरी खाऱ्या मातीत.

जिथे भरती येत होती तिथे भात

भाईंदर हे वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावर. पश्चिमेला उत्तन-डोंगरीकडे समुद्र, मध्ये राई, मुर्धे, मोर्वे ही जुनी गावे. रुळांच्या पूर्वेला नवघर, खारी, मीरा, काशी. नावातच खार आहे. आज तिथे उभे राहिले की इमारतींशिवाय काही दिसत नाही. 1985 साली नगरपालिका झाली, 2002 साली महानगरपालिका, आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. पण ही सगळी वस्ती यायच्या आधी तिथे थोडी उंचवट्याची गावे होती आणि त्यांच्या मधल्या सखल भागात खाडीचे पाणी ये-जा करीत होते. त्या सखल भागातून माणसाने दोन गोष्टी काढल्या. एक भात आणि दुसरे मीठ.

लग्नघरचे आजोबा मुर्ध्याकडचे आगरी. आयुष्य भातशेतीत आणि मिठागरात गेलेले. आगर म्हणजे मिठाचे वाफे, त्यावरूनच आगरी हे नाव पडले असे मानतात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते आम्हा दोघांना बांधावर घेऊन गेले. तात्या धोतर-टोपीत, आजोबा लुंगी आणि खांद्यावर पंचा. दोघेही शेतकरी, दोघेही मराठी बोलणारे, पण पहिला अर्धा तास एकमेकांचे निम्मे शब्द कळत नव्हते. तात्या म्हणाले, "वाफसा कसा बघता?" आजोबांना वाफसा हा शब्दच नवा. त्यांच्याकडे रान वाफशावर यायची वाट कोणी बघत नाही, चिखलातच काम. मग आजोबा म्हणाले, "उधाणाला उघाडी बघावी लागते." आता तात्या आमच्याकडे बघू लागले.

ते समजावून सांगणे आमच्याकडे आले. अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी येते, तिला उधाण म्हणतात. खाडीचे पाणी एरवी जिथे पोचत नाही तिथे ते उधाणाला पोचते. अशा जागी खाडीच्या बाजूने मातीचा बांध घालायचा, लाटेचा मार असेल तिथे त्याला दगडाची पाठ द्यायची. बांधात ठिकठिकाणी दार ठेवायचे, तीच उघाडी. तिची युक्ती पाहण्यासारखी आहे. झडप वरच्या बाजूला टांगलेली, खाडीकडून टेकलेली. भरती चढली की बाहेरचे पाणी झडपेला आत दाबते आणि दार आपोआप मिटते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, आत साठलेले पावसाचे पाणी झडपेला बाहेर ढकलते आणि दार उघडते. मोटर नाही, लाईट नाही, रात्रपाळीचा माणूस नाही. दिवसातून दोनदा समुद्र स्वतःच दार लावतो आणि स्वतःच उघडतो.

बांध झाला म्हणजे जमीन झाली असे मात्र नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असते. त्यात भिजलेल्या मातीत पहिली काही वर्षे गवतही नीट येत नाही. मग तिथे काय करतात? पाऊस साठवतात आणि सोडतात, पुन्हा साठवतात आणि सोडतात. तिकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर. पावसाच्या पाण्यात मीठ जवळपास नसतेच. ते मातीतून खाली आणि बाहेर जाताना मीठ घेऊन जाते. दरवर्षी मृगाचा पहिला पाऊस पेरणीसाठी नाही, तर उन्हाळ्यात वर आलेले मीठ धुण्यासाठी. ते धुऊन गेले की मग बी. पुष्कळ खारजमिनीत रोप न लावता बियाणे भिजवून, मोड आणून चिखलावर फोकतात. ह्याला रहू पद्धत म्हणतात. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल 1, 2, 3 असे मीठ सोसणारे भाताचे वाण काढले तेही अशाच रानांसाठी.

आता ह्या बांधांचा इतिहास थोडा कडू आहे. भाईंदर-मीरा-घोडबंदर भागातील जमीन 1870 साली इंग्रज सरकारने एका गृहस्थाला 999 वर्षांच्या पट्ट्याने दिली; खारे पाणी रोखण्यासाठी बांध राखायचे आणि त्याबदल्यात कसणाऱ्यांकडून पिकाचा हिस्सा घ्यायचा, असा तो व्यवहार. त्या पट्ट्यावरून पुढे दीडशे वर्षे वाद चालत राहिले. तिकडे अलिबागजवळ चरीला 1933 साली खारपट्ट्यातल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली जमिनी कसायचे बंद केले, आणि तो संप सहा वर्षे चालला. समुद्राशी लढून जमीन करणारा एक आणि तिचा मालक दुसरा, हे त्यांना सोसले नाही. स्वातंत्र्यानंतर 1948 साली खारजमिनीचा कायदा झाला, 1979 साली महाराष्ट्राचा नवा कायदा आला, आणि सरकारी योजनेतील बांधांची जबाबदारी खारभूमी खात्याकडे गेली. आपण सहकारातले लोक. मालकी आणि मेहनत एका हातात असल्याचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको.

पण आजोबांनी जे सांगितले ते कायद्यात नाही. बांधाला एका जागी खांड पडली की ज्याच्या शेताजवळ खांड पडली त्याचेच नव्हे, सबंध खारीचे पीक जाते. एका उधाणाची मजल, आणि पुढची दोन-तीन वर्षे भाताला ओंबी भरत नाही. त्यामुळे पूर्वी खांड पडली अशी आरोळी आली की घरटी एक माणूस टोपले-फावडे घेऊन धावायचा. त्या वेळी भाऊबंदकी, वाटणीचे भांडण, काही मध्ये येत नसे. "भांडण बांध धरल्यावर," असे ते हसत म्हणाले.

"तुमचं पाणी जातं कुठं?"

तिथून पुढे मिठागर. बरीच मिठागरे बंद पडली, राहिलेल्यांवर मजूर मिळत नाहीत. तरी एका ठिकाणी पांढरे ढीग दिसत होते. आजोबांनी मीठ कसे पिकते ते सांगितले. पिकते हाच शब्द. पाऊस संपला की वाफ्यांची डागडुजी करायची, तळ चोपून-तुडवून घट्ट करायचा म्हणजे पाणी खाली मुरता कामा नये. भरतीचे पाणी आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत ते आटवायचे, जाड झालेले पाणी शेवटच्या वाफ्यात सोडायचे. वर ऊन. पाणी उडून जाते, मीठ राहते. माणसाने ते फळीने ओढून काठावर गोळा करायचे. साधारण पौषापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हेच काम.

तात्या बराच वेळ वाफ्याच्या काठावर बसून होते. मग त्यांनी आपल्या रानाची हकीकत सांगितली. नदीची स्कीम झाली, बारमाही पाणी आले, ऊस आला, मग दहा-पंधरा वर्षांनी कडेला पांढरी खपली दिसू लागली, मग मधोमध. आजोबांनी ऐकून घेतले आणि विचारले, "पाणी घेता कुठून?" तात्या म्हणाले, नदीतून. "आणि जातं कुठं?"

तात्या गप्प.

"बाहेर जात नसंल तर मग तुमी मिठागरच चालवताव," आजोबा म्हणाले. "फक्त मीठ गोला करत नाय."

सभासद बंधूंनो, आम्ही वीसेक वर्षे शेतकी खात्यात काढली. व्याख्याने दिली, पत्रके वाटली. पण क्षारपड जमीन कशी होते हे इतक्या थोड्या शब्दांत आम्हाला कधी सांगता आले नाही. पाणी आत घ्यायचे, खाली मुरू द्यायचे नाही, बाहेर जाऊ द्यायचे नाही, वरून ऊन. मिठागराला लागते ते सगळे आपण नदीकाठच्या काळ्या रानात तयार केलेले आहे. तळ चोपायलाही लागत नाही. आपली काळी माती जात्याच घट्ट.

घरी आल्यावर आम्ही हिशेब करून पाहिला. तो प्रत्येकाने आपल्या विहिरीसाठी करावा. बारा महिन्यांच्या उसाला पाटपाण्याने वर्षाला सुमारे दोन मीटर उंचीचे पाणी बसते असे धरा. एक एकरावर ते 80 लाख लिटरच्या आसपास झाले. विहिरीच्या पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे खारेपणाचे माप, एक असेल (आणि पुष्कळ विहिरींची त्याहून जास्त आहे) तर दर लिटरला सुमारे 0.64 ग्रॅम क्षार येतात. गुणाकार केला तर एका एकरात एका वर्षाला पाच टन क्षार. पन्नास किलोची शंभर पोती. नदीचे पाणी पुष्कळ गोडे म्हणून आपण निर्धास्त असतो. पण वाहकता 0.3 धरली तरी दीड टन होतेच. युरियाच्या एका पोत्यासाठी आपण सोसायटीच्या दारात रांग लावतो, आणि ही शंभर पोती रानात कोणी टाकली हे कोणाला कळत नाही.

उसाची सहनशक्ती फार नाही. मातीची वाहकता 1.7 च्या पुढे गेली की दर एका एककाला उत्पादन साधारण सहा टक्क्यांनी घटत जाते. वाहकता 4 झाली म्हणजे सातवा हिस्सा गेला, 8 झाली म्हणजे तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त गेला. शिवाय मुळ्या पाण्यात बुडालेल्या असतात त्याचा तोटा वेगळा.

मग भाईंदरचे मीठ दर वर्षी धुऊन जाते आणि आपले का साठते? कारण तिकडचा पाऊस दोन हजार मिलिमीटर आणि आपला सहाशेच्या आसपास, तोही दोन-तीन दमांत पडणारा. निसर्ग त्यांच्यासाठी जे फुकट करतो ते आपल्याला स्वतः करावे लागणार. त्यांच्याकडे समुद्र दिवसातून दोनदा खाली जातो आणि आतल्या पाण्याला वाट देतो. आपल्याकडे ओढा आहे, पण तो बुजवून आपण त्यावर ऊस लावला. हे आम्ही कोणाला टोचून बोलत नाही. नोंदी आम्हीच घेतल्या आहेत.

गाव बदलले की सगळेच बदलते

विषयांतर होते आहे, पण त्या दोन दिवसांत तात्यांनी जे अनुभवले तेही सांगितले पाहिजे, कारण रान विकून तिकडे जाऊन राहायचा बेत पुष्कळांच्या मनात असतो. सकाळी न्याहारीला तांदळाची भाकरी आली. पांढरीशुभ्र, मऊ. तात्यांनी चार खाल्ल्या आणि तासाभराने मुलाला हळूच म्हणाले, "जेवायचं कधी हाय?" जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेल्या पोटाला तांदळाची भाकरी म्हणजे खाऊ. आम्ही माळकरी नाही, त्यामुळे सुक्या बोंबलाच्या कालवणाचे आमचे चांगले जमले. तात्यांच्या गळ्यात माळ, त्यांनी दोन दिवस वरणभातावर काढले. लग्नघरच्या बायांना त्याचे फार वाईट वाटले. उत्तनला बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत टाकलेले असतात, ते पाहून तात्या म्हणाले, "आपल्याकडं मिरच्या वाळत घालतात तसं."

उत्तन-डोंगरीकडे ख्रिस्ती कोळी आणि शेतकरी मोठ्या संख्येने आहेत. घरात बोलणे मराठीच, पण ढंग वेगळा. देवळाऐवजी चर्च, पण पहिले कणीस देवाला द्यायचे ही रीत तीच. घराचे जोते तिकडे उंच, छप्पर उतरते. आपल्या धाब्याच्या घरावर तो पाऊस एक आठवडा पडला तर माती वाहून जाईल. आपल्याकडे उन्हाळ्यात अंगणात बाज टाकली की झोप लागते, तिकडे रात्रीही अंगाला घाम चिकटून राहतो. तात्यांना दोन्ही रात्री झोप लागली नाही. आठव्या मजल्यावरच्या गॅलरीत उभे राहून पहाटे चार वाजता त्यांनी मुलाला विचारले म्हणे, "हितं कोंबडा कुठं आरवतो?"

नव्या मुलखात जाऊन जमीन वसवणे सोपे नसते. कोयना धरणाने उठलेली माणसे ठाण्याला, कुलाब्याला (आताचा रायगड), सोलापूर-सांगलीला पाठवली गेली. डोंगरउतारावर भात-नाचणी करणारा माणूस सोलापूरच्या सपाट कोरड्या रानात उभा राहिला तेव्हा त्याला पेरणीच्या वेळेपासून सगळे नव्याने शिकावे लागले. दुसरीकडे सासवडची माळी मंडळी पाहा. नीरेच्या कालव्याला पाणी आले तसे त्यांनी बिऱ्हाडे हलवली, खंडाने जमिनी धरल्या, आणि पुढे 1932 साली माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा केला. पहिल्यांना जावे लागले, दुसरे आपल्या हिशेबाने गेले, आणि जे गेले ते आपले पीक बरोबर घेऊन गेले. तात्या आपल्याबरोबर काय नेणार होते?

कोकणपट्टीत जागा घेण्याचा ज्यांचा विचार आहे त्यांनी एवढे पाहावे. जागा वैशाखात पाहावी, श्रावणात नव्हे. श्रावणात सगळेच हिरवे आणि सगळ्याच विहिरी गोड्या. किनाऱ्यालगत गोडे पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी, हा ढोबळ नियम. म्हणजे वरचे अर्धा फूट उपसले तर खालचे वीस फूट गेले. मोठी मोटर बसवणाऱ्याची विहीर खारी होते ती अशी. खारफुटीची झाडे असतील तिथे बांध घालू, भराव टाकू असे कोणी सांगितले तर त्याच्या नादी लागू नये. किनारा नियमनाचे नियम 1991 पासून आहेत आणि खारफुटी तोडण्यास उच्च न्यायालयाने 2018 सालच्या निकालाने मनाई केलेली आहे. आजोबांच्या आज्याने जे केले ते आज करता येत नाही, आणि पुराच्या दृष्टीने पाहिले तर ते बरेच आहे.

आपण काय करायचे

आधी आमची एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका सभासदाच्या दोन एकर पांढऱ्या रानात आम्ही जिप्सम टाकायला लावले. माती तपासलीच नव्हती. रान खारे होते, चोपण नव्हते, आणि पाण्याला बाहेर वाट नव्हती. जिप्समचा काडीचा उपयोग झाला नाही, पैसे गेले. ते गृहस्थ आजही भेटले की राम राम करतात, पण जिप्समचा विषय काढत नाहीत, आणि त्याचेच आम्हाला जास्त लागते.

तेव्हा हा फरक नीट समजून घ्यावा. मातीची वाहकता 4 च्या वर, सामू 8.5 च्या खाली आणि सोडियम कमी, असे रान क्षारयुक्त. वर पांढरी खपली धरते, पण माती भुसभुशीत राहू शकते. सामू 8.5 च्या वर आणि चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण 15 टक्क्यांच्या वर गेले की ते चोपण. पाणी मुरत नाही, वाळले की ढेकूळ दगडासारखे, ओले झाले की लोण्यासारखे. क्षारयुक्त रानाला पाण्याने धुणे हाच उपाय. चोपणाला जिप्सम किंवा गंधक लागते, त्याने सोडियम सुटतो, पण सुटलेला सोडियमही पाण्याबरोबर बाहेर गेला पाहिजे. म्हणजे दोन्हीकडे शेवटी तोच प्रश्न. पाणी जाते कुठे?

धुण्याचा अंदाज असा की एक फूट जाडीच्या मातीतून एक फूट पाणी आरपार खाली उतरून बाहेर गेले तर त्यातले सुमारे 80 टक्के विरघळणारे क्षार निघून जातात. आरपार हा शब्द महत्त्वाचा. वरून पाणी तुंबवून ठेवले आणि खालून वाट नसली, तर भूजल आणखी वर येते आणि रान आणखी बिघडते.

वाट दोन प्रकारची. ओढ्याकडे उतार असेल तिथे उघडा चर. तो स्वस्त, पण जमीन अडते आणि दरवर्षी गवत-गाळ काढावा लागतो. दुसरी म्हणजे जमिनीखाली साधारण साडेतीन-चार फुटांवर सच्छिद्र नळ्या, वर गाळणीचे कापड गुंडाळलेल्या, ठरावीक अंतरावर, मंद उताराने, एका मोठ्या नळीला जोडलेल्या. वरून ऊस जसाच्या तसा करता येतो. काळ्या भारी मातीत नळ्यांमधले अंतर कमी ठेवावे लागते, ते मातीची तपासणी झाल्यावरच ठरते. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याने सभासदांना एकत्र करून हे काम मोठ्या प्रमाणावर केले आहे. पुष्कळांनी जाऊन पाहिलेही असेल. आणि ही गोष्ट काही कालची नव्हे. नीरा डाव्या कालव्यावर 1885 पासून पाणी सुरू झाले, पुढे रान पाणथळ होऊ लागले आणि निचऱ्याचा अभ्यास सर क्लॉड इंग्लिस यांनी 1920 च्या दशकातच केला होता.

निचरा झाल्यावर पहिल्या हंगामात धैंचा पेरून फुलावर आला की गाडावा. उसाची घाई करू नये. पुढे लागण करताना आपला नेहमीचा 86032 लावण्याऐवजी अशा रानात फुले 265 तग धरतो असा अनुभव आहे. पाणी सरीआड सरी किंवा ठिबकने. आणि रात्रीची लाईट आली की मोटर चालू करून झोपायची सवय मोडली पाहिजे. त्या एका झोपेत दोन पाळ्यांचे पाणी जाते आणि त्याबरोबर किती पोती जातात त्याचा हिशेब वर दिलाच आहे.

तात्यांचे रान

आता सुरुवातीला ठेवलेली गोष्ट. त्या शिवारात चौदा खातेदारांची मिळून सुमारे एकतीस एकर जमीन क्षारपड आहे. शेतकी खात्याने पाण्याची पातळी मोजली, उतार काढला. सगळ्यांचे पाणी बाहेर पडायला एकच जागा आहे, आणि ती तात्यांच्या रानाच्या खालच्या अंगाला, ओढ्यावर. मुख्य नळी तिथूनच गेली पाहिजे. तात्यांनी रान बाहेरच्या माणसाला विकले आणि त्याने नळीला नकार दिला, तर वरच्या तेरा जणांची एकतीस वजा साडेतीन एकर तशीच राहणार. कायद्याने भांडता येईल, पण कोर्टात जितकी वर्षे जातील तितकी वर्षे एकरी पाच टन धरून चला. आणि त्या तेरांत तात्यांचे सख्खे चुलतभाऊ आहेत, ज्यांच्याशी बांधाच्या एका हातावरून नऊ वर्षे बोलणे नाही.

परतीच्या गाडीत कर्जतच्या पुढे घाट लागला तेव्हा तात्यांनी आपणहून विषय काढला. "त्यो म्हातारा म्हनला, भांडण बांध धरल्यावर. आमचं भांडण बांधावरनंच हाय. मग आमी काय करायचं?" आम्हाला उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "नळी चुलत्याच्या रानातनं येती का वरनं?" आम्ही म्हणालो, तिथूनच येते.

आल्यावर त्यांनी गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगितले. कायमचे नाही म्हणाले की यंदापुरते, ते आम्ही विचारले नाही. मुलाच्या खोलीचा प्रश्न अजून तसाच आहे आणि तोही खरा आहे. निचऱ्याचा खर्च होऊन रान हाताशी यायला दोन-तीन हंगाम जातील, तोवर हप्ते कोण भरणार हे आम्हाला सांगता येत नाही. संमतीपत्रावर आजमितीस चौदापैकी अकरा सह्या झाल्या आहेत. तात्यांची सही आहे, त्यांच्या चुलतभावांपैकी एकाची झाली, एकाची राहिली आहे. बाकीचे दोन खातेदार पुण्याला असतात, त्यांना पत्रे गेली आहेत.

उतार-पाहणीचे पुढचे काम दिवाळीनंतर, रानात गाडी जाऊ लागली की सुरू होईल. ज्या इतर सभासदांच्या रानात पांढरी खपली किंवा पाणथळ आहे त्यांनी मातीचे नमुने (एक फुटापर्यंतचा, एक ते दोन फुटांचा आणि दोन ते तीन फुटांचा असे तीन वेगवेगळे) आणि विहिरीच्या पाण्याची एक बाटली, गट नंबर लिहून आपल्या गट कार्यालयात आणून द्यावी. नमुना घेताना वरची पांढरी खपली बाजूला सारून देऊ नये. तीच आम्हाला पाहायची आहे. बाटली औषधाची नसावी. मागच्या वर्षी तीन बाटल्या तशा आल्या होत्या.

आपला,
ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग